पूर्ण भुलीआधीची गुंगी : गाय-म्हशीला काय देता, किती देता आणि कधी देतच नाही?

नवखा_पशुवैद्य
नमस्कार मंडळी. दोन वर्षं फिरतीवर होतो. तिथे बहुतेक कामं जनावर उभं ठेवून, लोकल (तेवढीच जागा बधिर करणारं इंजेक्शन) देऊनच उरकायची. आता जिथे आहे तिथे गॅसचं मशीन आहे, कलतं होणारं टेबल आहे, म्हणजे पूर्ण भूल देणं आलंच. कॉलेजात वाचलं होतं ते सगळं कुत्र्यांबद्दल आठवतंय, गायींबद्दल नाही.

प्रश्न सरळ आहे. केटामिन किंवा थायोपेंटोन ही भुलीची औषधं देण्याआधी मोठ्या जनावराला शांत करायला तुम्ही काय वापरता? झायलाझिन, डेटोमिडिन, एसप्रोमाझिन, की डायझेपाम-मिडाझोलाम? कोणतं चांगलं?

विचारण्याचं कारण : दोन दिवसांनी एक कालवड घ्यायची आहे. वजन साधारण ३६० किलो, मागच्या उजव्या पायाची नडगी मोडलीय, प्लेट बसवायची आहे. कालवड तापट आहे. आणि सात महिन्यांची गाभण आहे.

सुई_१६
पयला नंबर! माझा अनुभव : गुंगीची गरज जनावरापेक्षा मालकाला जास्त असते. बाकी जाणकार बोलतीलच.

भूलथापा
"कोणतं चांगलं" हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा. आधी विचारा की गुंगी कशासाठी हवी आहे. घोड्यात हे औषध लागतंच. नीट गुंगी न येता घोड्याला केटामिन दिलं तर तो ताठरतो, झटके देतो, स्वतःलाही मोडतो आणि तुम्हालाही. गाय तशी नाही. शांत, माणसाळलेली, आजारी गाय असेल तर मी कित्येकदा आधी काहीच देत नाही. थेट शिरेतून ग्वायफेनेसिन (स्नायू सैल करणारं औषध) सोडतो, गाय लडखडायला लागली की केटामिन. गाय आडवी पडताना भांडत नाही, उठतानाही घाई करत नाही. निसर्गानेच तिला निम्मी गुंगी देऊन पाठवलंय.

उलट रवंथ करणाऱ्या जनावरात गुंगीच्या औषधांचा त्रास जास्त. कोठीपोटाची (चारा साठतो त्या मोठ्या पोटाची) हालचाल मंदावते, ढेकर थांबते, गॅस साचतो, पोट फुगून छाती-पोटामधल्या पडद्यावर दाबतं आणि श्वास उथळ होतो. लाळ गळतच राहते, ती गिळणं मात्र बंद. घशाचा पहारा उठला की शंभर लिटरच्या वरची ती टाकी कधीही तोंडावाटे बाहेर येऊ शकते. म्हणून गायीत माझा पहिला प्रश्न हा असतो की गुंगी दिल्यापासून नळी श्वासनळीत जाऊन तिचा कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगेपर्यंत किती वेळ जाणार. तो वेळ जे औषध कमी ठेवील ते त्या दिवशीचं चांगलं औषध.

तुमच्या कालवडीवर सावकाश लिहितो. गाभण असणं हा यातला खरा पेच आहे.

रवंथ
भूलथापांशी सहमत, पण "काहीच देत नाही" हे वाचून नवखे लोक तापट वळूपुढे ग्वायफेनेसिनची बाटली घेऊन उभे राहतील हो. घाबरलेलं, झटापट करून दमलेलं जनावर म्हणजे अंगात अ‍ॅड्रेनॅलिन भरलेलं. त्याला मग भुलीचं औषध जास्त लागतं आणि हृदयाची लयही बिघडू शकते. थोडी गुंगी देऊन पाच-सात मिनिटं अंधारात, आवाज न करता उभं ठेवलं तर पुढचं सगळं सोपं.

मी झायलाझिनवाला. ०.०५ मिग्रॅ/किलो शिरेतून. गाय उभी राहते, मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो. इतकी वर्षं वापरतोय, तक्रार नाही.

टापा
घोडेवाला बोलतो. रवंथ यांनी ०.०५ लिहिलंय ते पुन्हा वाचा, टंकनाची चूक नाही ती. मी घोड्याला शिरेतून १ मिग्रॅ/किलोच्या आसपास देतो. गाय, मेंढी, शेळी ही झायलाझिनला घोड्यापेक्षा साधारण दहापट हळवी. ४५० किलोच्या घोड्याला मी १०० मिग्रॅ/मिलीच्या बाटलीतून साडेचार मिली काढतो. तीच सिरिंज गायीत गेली तर ती उठेल तेव्हा माझी बदली झालेली असेल.

गंमत म्हणजे डेटोमिडिनचं असं नाही. त्याचा डोस गायीत आणि घोड्यात जवळपास सारखाच, १० मायक्रोग्रॅम/किलोच्या आगेमागे. एकाच घराण्यातली दोन औषधं, पण एक गायीला दहापट चढतं आणि दुसरं नाही.

गोळीबंद
>> दहापट हळवी
आणि डुक्कर याच्या दुसऱ्या टोकाला. २ मिग्रॅ/किलो स्नायूत देऊनही डुक्कर तुमच्याकडे बघत उभं असतं.

शेळीपुराण
दहापटीचा विषय निघालाच आहे तर माझं पाप इथे कबूल करतो. नोकरीचं पहिलं वर्ष. चाळीस किलोची मेंढी. ०.०५ च्या हिशेबाने २ मिग्रॅ हवं होतं. २० मिग्रॅ/मिलीच्या बाटलीतून म्हणजे ०.१ मिली. इन्सुलिनच्या सिरिंजवर दहा रेघा. मी दहा रेघा बरोबर मोजल्या. फ्रिजशेजारच्या कप्प्यातली बाटली मात्र घोड्याची होती, १०० मिग्रॅ/मिलीची. दोन्ही बाटल्या तेवढ्याच उंचीच्या, झाकणाचा रंगही जवळजवळ तोच.

दोन मिनिटांत मेंढी बसली, पाचव्या मिनिटाला जीभ निळी, नाकातून फेस. छातीला कान लावला तर पाण्यात बुडबुडे सुटल्यासारखा आवाज. नळी टाकली, ऑक्सिजन दिला, फुप्फुसातलं पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड दिलं, उतारा म्हणून अटिपामेझोल दिलं. शुद्धीवर आल्यासारखी झाली आणि गेली.

पाचपट डोस झाला हे खरं. पण मेंढीची गोष्ट वेगळी आहे हे मला नंतर कळलं. तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये एक प्रकारच्या भक्षक पेशी ठाण मांडून असतात. या घराण्यातल्या औषधांनी त्या चेकाळतात, फुप्फुसात पाणी उतरतं, रक्तातला ऑक्सिजन घसरतो. नेहमीच्या डोसलाही हे होऊ शकतं. तेव्हापासून मेंढीला मिडाझोलाम आणि वेदना मारणारं ब्युटॉर्फनॉल. झायलाझिन द्यायचंच झालं तर ऑक्सिजनचा पाइप हातात धरूनच.

आणि हो, घोड्याच्या बाटलीवर लाल चिकटपट्टी गुंडाळतो.

सुई_१६
विनोद करायला आलो होतो. आता बाटल्या तपासायला चाललो.

कपिलेचा_मालक
मी डॉक्टर नाही, गाई पाळतो. धागा वाचतोय, निम्मं कळतंय. दोन बाळबोध प्रश्न. एक, आमच्या गायीचं पोट तिला उभी ठेवून, जागेपणी उघडलं होतं. मग तिला दुखलं नसेल का? गुंगी दिली होती म्हणाले. दोन, या औषधांनंतर दूध किती दिवस काढून टाकायचं?

रवंथ
प्रश्न अजिबात बाळबोध नाहीत दादा. गुंगी म्हणजे वेदना बंद असं नसतं. झायलाझिन-डेटोमिडिन थोडी वेदना मारतात, एसप्रोमाझिन आणि डायझेपाम अजिबात नाही. एसप्रोमाझिन दिलेलं जनावर डोळे अर्धे मिटून उभं असतं, म्हणून लोकांना वाटतं काम झालं. सुरी लावली की ते सांगतं, काम झालेलं नाही. तुमच्या गायीला कमरेच्या मणक्यांजवळ किंवा कापायच्या रेषेवर लोकल दिलं असणार, त्याने ती बाजू बधिर होते. पोट उघडायला गाय उभी असणं उलट चांगलं. कोठीपोट जागेवर राहतं, गॅस निघतो, ढेकर चालू राहते.

दुधाचं सरसकट उत्तर नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर दूध आणि मांस किती काळ वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, आणि दोन-तीन औषधं एकत्र दिली असतील तर सगळ्यांत लांबचा आकडा धरायचा. डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको.

जुना_जाणता
तुम्हा पोरांना झायलाझिनच्या तक्रारी सुचतात, कारण क्लोरल हायड्रेट तुम्ही पाहिलेलं नाही. रसायन १८३२ चं, लीबिगचं. झोप आणतं हे १८६९ मध्ये लीब्राइखने दाखवलं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या जनावरांची भूल त्यावरच चालली. आम्ही ते पोटात नळी घालून पाजायचो किंवा शिरेत सोडायचो. शिरेत असेल तर सुई हलता कामा नये. दोन थेंब जरी शिरेबाहेर गेले तर आठवडाभराने मानेची कातडी वाळल्या सालीसारखी सुटून यायची. सिरिंज धरणाऱ्याचा श्वास आणि बैलाचा श्वास, दोन्हींवर लक्ष ठेवावं लागायचं.

झायलाझिन बायरने १९६२ मध्ये बनवलं. केटामिनही १९६२ चंच. ही जोडी आली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. सुटलो नव्हतो, चुका फक्त नव्या प्रकारच्या झाल्या.

हिरवा_कोट
शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात "भुलीआधी अ‍ॅट्रोपिन" लिहिलंय. इथे कोणीच नाव घेतलं नाही. लाळ थांबायला द्यायचं ना?

भूलथापा
गाय-म्हशीत नेमाने देऊ नका. लाळेतला पातळ भाग कमी होतो, चिकट भाग राहतो, म्हणजे गळून जाणारं पाणी घशात डिंक होऊन बसतं. वर पोट आणखी थंड पडतं, आणि रवंथ करणारी जनावरं ते लवकर पचवून टाकतात, त्यामुळे टिकतही नाही. अ‍ॅट्रोपिन हृदय फारच मंदावलं तर हाताशी असावं, बस. लाळेचा उपाय औषधात नाही, बैठकीत आहे. जनावर आडवं झालं की मानेखाली, जबड्याच्या मागे, गुंडाळी द्या. घसा उंच, तोंड खाली. लाळ आपोआप बाहेर पडते. मग बादलीत किती जमली ते बघून घाबरू नका, दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ करणारा प्राणी आहे तो.

हिरवा_कोट
धन्स सर. परीक्षेत काय लिहू मग?

सुई_१६
पुस्तकातलं लिही, पास हो, मग विसर.

नवखा_पशुवैद्य
सगळ्यांचे आभार. शेळीपुराण, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याकडच्या बाटल्या पाहिल्या. झायलाझिनच्या दोन ताकदी एकाच खोक्यात होत्या. वेगळ्या केल्या.

आता गाभण कालवडीचं. आमचे एक वरिष्ठ म्हणतात एसप्रोमाझिन दे, गर्भाशयाला काही करत नाही. दुसरे म्हणतात झायलाझिनचा अर्धा डोस दे, काही होत नाही. मी मध्ये.

म्हैसवाली_डॉक्टर
एसप्रोमाझिनबद्दल मी बोलते, कारण त्याचे चटके खाल्लेत. ते रक्तवाहिन्या सैल करतं, दाब उतरतो. धडधाकट जनावर सोसतं. पण मोडलेल्या हाडाभोवती रक्त साठलेलं, दोन दिवस पाणी कमी प्यायलेलं जनावर सोसेलच असं नाही. शिरेतून दिलं तरी रंगात यायला पंधरा-वीस मिनिटं, मग तासन्‌तास उतरत नाही, आणि उतारा नाही. अन्ननलिकेची वरची-खालची दारंही सैल करतं, म्हणजे उलट येण्याची भीती वाढली. नराला दिलं तर लिंग बाहेर लोंबतं, बैलाने त्यावरच पाय दिलेला मी पाहिलाय. एक मात्र खरं, थोड्या डोसला गुंगी छान, थंड येते. तापट पण निरोगी जनावराला मी अजूनही देते. आणि शेपटीच्या शिरेत कधीही देऊ नका, तिथे धमनी खेटून असते.

आमच्याकडे पूर्ण भुलीचं मुख्य काम म्हणजे म्हशीचा पडदा फाटलेला असतो ते. जाळीपोट पडद्यातून छातीत शिरलेलं. आधी उभ्यानेच कोठीपोट उघडून रिकामं करते, एक-दोन दिवसांनी भूल देऊन पडदा शिवते. तिथे फुप्फुसाला जागाच नसते, त्यात झायलाझिनने श्वास मंदावला आणि पोट फुगलं तर संपलं. म्हणून तिथे जरासं मिडाझोलाम, लगेच भूल, लगेच नळी, आणि पडदा उघडताच हाताने पिशवी दाबत श्वास. म्हशीला कोणती गुंगी चांगली, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, छातीत काय आहे?

टापा
>> मिडाझोलाम
मोठ्या घोड्याला एकटं कधी देऊ नका. पाय मऊ पडतात पण डोकं जागं राहतं, आणि पाय सटकतायत हे कळणारा घोडा म्हणजे भूकंप. शिंगरांना मात्र उत्तम.

रवंथ
वासरं-करडांनाही उत्तम. मोठ्या गायीत एकट्याने फारशी गुंगी येत नाही, पण केटामिनसोबत स्नायू छान सैल करतं. डायझेपाम आणि मिडाझोलाम एकच समजू नका. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, स्नायूत दिलं तर दुखतं आणि कधी चढेल भरवसा नाही. ते शिरेतूनच. मिडाझोलाम स्नायूतही चालतं.

वराहमित्र
अवांतर होईल, पण "मोठी जनावरं" म्हटलंय म्हणून डुकरांची बाजू मांडतो. आमच्याकडे अझापेरोन. स्नायूत, कानामागे, लांब सुईने, नाहीतर सगळं चरबीत जाऊन बसतं आणि तुम्ही म्हणता औषध बोगस. दिल्यावर वीस मिनिटं त्याच्याकडे फिरकायचंही नाही. मध्येच कोणी दार वाजवलं की ते पिसाळतं. प्रौढ वराहाला १ मिग्रॅ/किलोच्या वर नको, म्हैसवाली ताईंनी बैलाबद्दल लिहिलं तेच होतं. आणि ताण हा आमच्याकडे खरा शत्रू. काही जातींत एका जनुकाच्या बिघाडामुळे हॅलोथेन या भुलीच्या गॅसने किंवा नुसत्या धावपळीनेही अंग लाकडासारखं ताठरतं, ताप झपाझप चढतो. गुंगी ही तिथे चैन नाही.

भिंतीवरची_पाल
माझ्या मेहुण्याला एकदा दोन तास शेतीच्या योजना समजावून सांगितल्या होत्या, बैल आणि मेहुणा दोघेही आडवे. डोस : दोन तास/बैल. उतारा : "चला, निघतो."

सुई_१६
हहपुवा! दुष्परिणाम : मेहुणा पुन्हा येतो.

भूलथापा
हसून झालं असेल तर कालवडीकडे वळू.

झायलाझिन गर्भाशय आवळतं, जवळजवळ कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनसारखं. शेवटच्या तिमाहीत म्हणूनच टाळायचं, आणि सात महिने म्हणजे शेवटची तिमाही लागलीच. अर्ध्या डोसने काही होत नाही म्हणणाऱ्यांचं एखाद वेळी झालं नसेल, ते मी खोटं म्हणत नाही. पण दुसरा रस्ता हाताशी असताना तो जुगार कशाला? शिवाय झायलाझिनने साखर चढते आणि लघवी भसाभसा होते. टेबलावर तो नुसता पसारा. मूत्रमार्गात खडा अडकलेल्या बैलाला मात्र तेच औषध मूत्राशय फोडायला पुरेसं आहे, हे लक्षात ठेवा.

डेटोमिडिन कमी डोसला गर्भाशय तसं आवळत नाही. डोस वाढला की तेही आवळतं. म्हणून "गाभण गायीला सुरक्षित" असं लेबल मनात लावू नका. हृदय मंदावतं, रक्ताचा प्रवाह घटतो, आणि पोटातल्या वासराला मिळणारा ऑक्सिजन आईच्या रक्तप्रवाहावरच चालतो. ५ मायक्रोग्रॅम/किलोपासून सुरुवात करा. सोबत ब्युटॉर्फनॉल ०.०२ मिग्रॅ/किलो. मग मिडाझोलाम ०.१ आणि केटामिन २ मिग्रॅ/किलो.

एक गोष्ट पुस्तकात ठळक नसते. डेटोमिडिननंतर हृदय मंद असतं, म्हणून शिरेत दिलेलं केटामिन मेंदूपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. तुम्हाला वाटतं लागलं नाही, तुम्ही आणखी देता, आणि मग दोन्ही डोस एकदम पोचतात. घड्याळ बघा. पूर्ण दीड मिनिट हात मागे.

रवंथ
मी मागे "तक्रार नाही" लिहिलं होतं. गाभण जनावरात माझाही अनुभव तसा कमीच, त्यामुळे भूलथापांचं ऐका. पण उताऱ्याचा विषय राहिला. झायलाझिन-डेटोमिडिनचा मोठा फायदा हाच की ते उतरवता येतात. योहिम्बिन गायीत मला अर्धवटच वाटलं. टोलाझोलिन चांगलं उतरवतं, पण लामा-अल्पाका आणि मेंढीत जपून. अटिपामेझोल सगळ्यांत खात्रीचं. शिरेतून एकदम देऊ नका, जनावर धडपडून उठतं. आणि गुंगी उतरवताना वेदना मारणारा भागही उतरतो, हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर हे विसरलात तर ती तुम्हाला आठवण करून देईल.

टापा
मानेच्या शिरेत देताना सुई आधी एकटी घाला, रक्त कसं येतंय बघा, मग सिरिंज जोडा. शिरेऐवजी शेजारच्या धमनीत गेलं तर औषध थेट मेंदूत जातं. एकदा माझ्यासमोर घोडा सुई निघायच्या आत कोसळला आणि झटके सुरू झाले. देणारा मीच होतो.

शेळीपुराण
+१. आणि हातमोजे घाला. ही औषधं डोळ्यात, तोंडात, जखमेत गेली तर माणसालाही गुंगी आणतात, हृदय मंदावतात. गायीला दहापट चढतं, आपल्याला किती हे शोधायला जाऊ नका.

कपिलेचा_मालक
डॉक्टर, कालवडीला उपाशी ठेवणार का? आमची गाय एक दिवस उपाशी ठेवली तर माझ्याकडे असं बघते की मीच गुन्हेगार.

म्हैसवाली_डॉक्टर
ठेवावं लागतं दादा. मोठ्या जनावराला चारा १८ ते २४ तास बंद, पाणी १२ तास. पोट पूर्ण रिकामं होत नाहीच, पण आंबणं आणि गॅस कमी होतो. दूध पिणाऱ्या वासरांना मात्र तसं ठेवायचं नाही, त्यांची साखर पडते. नजरेचं म्हणाल तर डोळ्यांवर पट्टी आम्ही तिच्या बांधतो, तुमच्याही बांधू.

अर्धवट_ज्ञानी
कोणीतरी म्हणालं होतं काही जातींना झायलाझिन जास्त लागतं. खरं का?

रवंथ
लागतं याचा अर्थ "चढतं" असेल तर हो. वशिंडवाल्या, ब्राह्मन जातीच्या जनावरांना कमी डोसातच भरपूर चढतं, होल्स्टीन त्यामानाने दणकट. कडक उन्हातही गुंगी लांबते, आणि अंगाचा ताप आवरणं जनावराला जमत नाही. सकाळी लवकर घ्या.

नवखा_पशुवैद्य
मंडळी, काल झालं. वृत्तांत देतो, कारण तुम्ही इतकं लिहिलंत.

चारा २४ तास, पाणी १२ तास बंद. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम आधीच दिलं होतं. मोडक्या पायाला फळ्या बांधून तिला उभ्या टेबलाला टेकवलं, पट्टे सैल ठेवून. डेटोमिडिन १.८ मिग्रॅ. ते १० मिग्रॅ/मिलीच्या बाटलीतून जेमतेम ०.१८ मिली निघतं, म्हणून सलाइनमध्ये १० मिली करून सावकाश दिलं. सोबत ब्युटॉर्फनॉल. चौथ्या मिनिटाला कान बाजूला पडले, सहाव्याला नाक माझ्या गुडघ्याशी. शिंगं हलवणारी हीच का, असं वाटलं. हृदय ७६ वरून ४८.

मग एक गंमत. मिडाझोलाम ३६ मिग्रॅ म्हणजे ७.२ मिली. केटामिन ७२० मिग्रॅ म्हणजे तेही ७.२ मिली. दोन सारख्या सिरिंज, दोन्हींत पाण्यासारखं औषध. शेळीपुराण, तुमच्या लाल पट्टीची आठवण झाली, मी केटामिनवर ती गुंडाळली. दिल्यावर तिने डोळे मिचकावले आणि मला वाटलं, लागलं नाही. सहकारी आणखी द्यायला निघाले. भूलथापांचं दीड मिनिट आठवलं. सत्तराव्या सेकंदाला मान टाकली. टेबल आडवं केलं, जबड्यात फळी, हात कोपरापर्यंत आत. स्वरयंत्र बोटांना लागलं, २२ नंबरची नळी गेली, कफ फुगवला.

कुशीवर नीट करताना तोंडातून हिरवं पाणी आलं. भरपूर. कफ फुगलेला होता, घसा उंच होता, सगळं बादलीत. तेवढ्यासाठी तुम्हा सगळ्यांना दंडवत. प्लेट बसली. पुढे आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसवर अडीच तास, अर्ध्यावर पोट थोडं फुगलं, नळी घालून गॅस काढला.

उतारा दिला नाही, डेटोमिडिन तोवर उतरलेलंच होतं. छातीवर बसवून ठेवली, चघळायला लागल्यावरच नळी काढली, तीही कफ अर्धवट फुगलेला ठेवून. सव्वा तासाने, तिसऱ्या प्रयत्नात, झोळीच्या आधाराने उभी. संध्याकाळी सोनोग्राफी केली, वासराचं हृदय ठीक.

भूलथापा
उत्तम. पुढचे आठ-दहा दिवस गर्भावर लक्ष ठेवा, आज ठीक म्हणजे संपलं असं नाही. आणि मऊ गादी किती होती खालच्या खांद्याखाली? पुढचा पाय ओढत असेल तर सांगा.

नवखा_पशुवैद्य
गादी होती, पाय ओढत नाही. आज सकाळी पट्टी बदलायला गेलो तर लाथ मारली. मांडीवर निळं उमटलंय.

सुई_१६
कोणत्या पायाने?

नवखा_पशुवैद्य
डाव्या.

म्हैसवाली_डॉक्टर
म्हणजे तेवढा वेळ प्लेटवाल्या पायावर उभी होती!